बुद्धिमान यंत्रे : वाटचाल आणि भवितव्य

(संस्थेच्या वार्षिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



छातीच्या क्ष-किरण चित्रावरून क्षयरोगाची शंका दर्शविणारी संगणकप्रणाली आपल्या ग्रामीण उपकेंद्रांसाठी घ्यावी, असा प्रस्ताव यंदा विश्वस्त मंडळापुढे आला आहे. त्याची वार्ता बाहेर गेल्यापासून आमच्याकडे दोन तऱ्हेची विचारणा होते. काही देणगीदार म्हणतात, एवढे हुशार यंत्र उपलब्ध असताना रुग्णालयाने ते आजवर घेतले का नाही? रुग्णांसोबत येणारी मंडळी मात्र हळूच विचारतात, म्हणजे यापुढे फोटो डॉक्टर बघणार नाहीत का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे देण्याआधी या यंत्रांचा थोडा पूर्वेतिहास सांगणे आवश्यक वाटते. वैद्यकाशी त्यांचा संबंध कालपरवाचा नाही, तो पन्नास वर्षांहून जुना आहे. आणि या काळात जे घडले त्यावरून पुढचा अंदाज बराचसा बांधता येतो.

यंत्राला विचार करता येईल काय, हा प्रश्न ब्रिटिश गणिती ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली ‘माइंड’ या तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात मांडला. १९५६ साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन मॅकार्थी आदी शास्त्रज्ञांची बैठक भरली आणि ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव रूढ झाले. निवडक शास्त्रज्ञ एक उन्हाळाभर एकत्र बसले तर या प्रश्नात लक्षणीय मजल मारता येईल, अशी त्यांची अपेक्षा होती. तो उन्हाळा अद्याप संपावयाचा आहे.

संभाषण करणाऱ्या पहिल्या प्रसिद्ध यंत्राने सोंग घेतले ते डॉक्टरचेच, ही गोष्ट आम्हाला नेहमी अर्थपूर्ण वाटत आली आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ नावाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो मानसोपचारतज्ज्ञासारखा बोले. म्हणजे रुग्णाचेच वाक्य उलटवून प्रश्नरूपाने त्याच्यापुढे ठेवी. त्याला काहीही समजत नव्हते. तरीही माणसे त्याच्यापाशी मन मोकळे करू लागली, आणि हे पाहून स्वतः वायझेनबाउम अस्वस्थ झाले. पुढील आयुष्यात ते या विद्येचे कठोर टीकाकार बनले. यंत्रापुढे बसलेला दुःखी माणूस त्यात सहानुभूती शोधतो, हे तेव्हाच उघड झाले होते. आज याची आठवण विशेषच ठेवावी लागते.

खऱ्या अर्थाने रुग्णशय्येपाशी संगणक आला तो इंग्लंडमधील लीड्स येथे. अकस्मात उद्भवणारी पोटदुखी ही शल्यविशारदाची कायमची परीक्षा. आंत्रपुच्छाचा दाह म्हणजे अपेंडिक्स आहे असे समजून पोट उघडावे आणि आत काहीच नसावे, किंवा थांबावे आणि ते फुटावे, या दोन्ही भीती एकाच वेळी मनात असतात. डी डोम्बल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वीच्या रुग्णांच्या नोंदी संगणकाला पुरविल्या. नवा रुग्ण आला की कळ कोठे सुरू झाली, कोठे सरकली, उलटी आधी की कळ आधी, अशी माहिती ठरावीक छापील तक्त्यावर भरावयाची, आणि संगणकाने संभाव्यतेच्या गणिताने निदान वर्तवावयाचे. १९७२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष आले. ३०४ रुग्णांत संगणकाचे निदान ९१.८ टक्के वेळा अचूक ठरले. रुग्णाला तपासणाऱ्या सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्के वेळा.

पन्नास वर्षांपूर्वीच यंत्राने डॉक्टरला मागे टाकले असेल, तर मग आज प्रत्येक रुग्णालयात ते का दिसत नाही? याचे उत्तर त्याच संशोधकांच्या पुढील कामात सापडते. प्रयोग चालू असताना डॉक्टरांचे स्वतःचे निदानही सुधारत गेले, आणि प्रयोग संपल्यावर ते पुन्हा घसरले. १९८६ साली आठ रुग्णालयांतील १६,७३७ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. प्राथमिक निदानाची अचूकता ४५.६ टक्क्यांवरून ६५.३ टक्क्यांवर गेली होती आणि निष्कारण पोट उघडण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले होते. यात गणिताचा वाटा किती आणि त्या छापील तक्त्याचा किती, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जात आहे. आमचे मत असे की, तक्त्याचा वाटा थोडाथोडका नसावा. सारे प्रश्न न विसरता विचारण्याची शिस्त त्या तक्त्याने लावली, आणि आपले निदान बरोबर निघाले की चूक हे डॉक्टरांना नियमाने कळू लागले. ही शिस्त विकत आणता येत नाही, म्हणून तिचे कौतुकही कमी होते.

त्याच दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मायसिन’ ही प्रणाली रचली. जिवाणूंच्या गंभीर संसर्गात कोणते प्रतिजैविक द्यावे हे ती सांगे. तज्ज्ञांचे ज्ञान ‘अमुक असेल तर तमुक’ अशा शेकडो नियमांत बसविले होते. १९७९ साली मेंदूच्या आवरणाच्या दाहाचे दहा रुग्ण निवडून तिची परीक्षा झाली. उत्तर कोणाचे हे न सांगता बाहेरील आठ तज्ज्ञांकडून गुण घेतले गेले. मायसिनला ६५ टक्के मिळाले. स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांपैकी सर्वोत्तमास ६२.५ टक्के. तथापि मायसिन प्रत्यक्ष उपचारात कधीच वापरली गेली नाही. एका रुग्णाची माहिती टंकित करण्यात अर्धा तास जाई, संगणक वॉर्डात नसे, आणि सल्ला चुकला तर जबाबदार कोण हे कोणी सांगू शकत नव्हते. तिचा एक गुण मात्र नमूद केलाच पाहिजे. ‘असे का म्हणतेस?’ असे विचारले की ती आपला नियम दाखवी. आजच्या कितीतरी पटींनी बलवान यंत्रांना हे तितक्या सरळपणे साधत नाही.

मधल्या काळाविषयी फार बोलण्याचे कारण नाही. १९७३ साली ब्रिटनमध्ये लाइटहिल यांच्या अहवालाने या संशोधनावर कडक टीका केली आणि पैसा आटला. १९८० च्या दशकात नियमांवर चालणाऱ्या प्रणालींची लाट आली आणि ओसरली. १९९७ साली ‘डीप ब्लू’ संगणकाने बुद्धिबळात कास्पारोव्ह यांना हरविले, त्याची वृत्तपत्रांतून मोठी चर्चा झाली. खरी कलाटणी मिळाली ती २०१२ साली. चित्रे ओळखण्याच्या एका स्पर्धेत टोरांटोचे जेफ्री हिंटन आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांची प्रणाली इतरांच्या फार पुढे गेली. तिला कोणी नियम शिकविले नव्हते. लाखो चित्रे आणि प्रत्येकाचे उत्तर एवढेच पुढ्यात टाकले, आणि चूक होईल तसतशी आतील आकड्यांची जुळणी बदलत ती स्वतः शिकली. मूल गाय ओळखावयास शिकते त्याच्याशी याचे दुरून साम्य आहे, पण मुलाला लाखभर गायी दाखवाव्या लागत नाहीत.

या नव्या रीतीचे वैद्यकातील पहिले मोठे फळ आपल्या देशाशी निगडित आहे. मधुमेहामुळे दृष्टिपटल बिघडते आणि दिसणे कमी झाल्याचे रुग्णाला कळते तोवर बहुधा उशीर झालेला असतो. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी यासाठीची प्रणाली जाहीर केली. ती १,२८,१७५ नेत्रचित्रांवर शिकली होती, आणि त्यांतील चित्रे अमेरिकेबरोबरच अरविंद नेत्र रुग्णालय, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय या भारतीय संस्थांतूनही गेली होती. प्रत्येक चित्र अनेक नेत्रतज्ज्ञांनी आधी तपासून ठेवले होते. यंत्राच्या बुद्धीत कोणाचे डोळे आणि कोणाचे श्रम साठले आहेत, हे अशा वेळी ध्यानात येते. तीच प्रणाली पुढे थायलंडमधील अकरा सरकारी दवाखान्यांत नेण्यात आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार परिचारिकांनी काढलेल्या १,८३८ चित्रांपैकी २१ टक्के चित्रे यंत्राने ‘अस्पष्ट’ म्हणून नाकारली. खोलीत पुरेसा अंधार करता येत नव्हता, इंटरनेट मंद होते. ज्याचे चित्र नाकारले गेले त्याने दुसऱ्या रुग्णालयात जावे, असा नियम होता. म्हणजे त्याची एक दिवसाची मजुरी बुडावयाची. बुद्धीत उणे नसताना खोलीच्या पडद्याअभावी यंत्र अडले, हे आमच्यासारख्या संस्थांनी अधोरेखित करून ठेवावे.

क्ष-किरण चित्रांच्या बाबतीत याहून सूक्ष्म प्रकार आढळला. न्यूयॉर्क येथील संशोधकांनी २०१८ साली दाखविले की, न्यूमोनिया ओळखावयास शिकविलेली प्रणाली आपल्या मूळ रुग्णालयात चांगली चाले, पण परक्या रुग्णालयातील चित्रांवर बहुधा मागे पडे. शोध घेता असे दिसले की, चित्र कोणत्या रुग्णालयातील आहे हे अशी प्रणाली जवळजवळ अचूक ओळखू शकते. एका ठिकाणी न्यूमोनियाचे रुग्ण अधिक असल्याने, फुप्फुस न पाहता ठिकाणावरूनही तिला पुष्कळसे उत्तर मिळत होते. अप्रामाणिकपणाचा प्रश्न येथे येत नाही. प्रामाणिकपणा म्हणजे काय हेच तिला ठाऊक नव्हते.

परंतु धर्मादाय संस्थेच्या व्यासपीठावरून ज्याविषयी सर्वाधिक बोलले पाहिजे तो प्रसंग वेगळाच आहे. अमेरिकेतील रुग्णालये व विमा कंपन्या एक प्रणाली वापरीत होत्या. कोणत्या रुग्णाला जादा परिचारिका, जादा देखरेख द्यावी हे ती ठरवी. झियाद ओबरमायर, सेंथिल मुल्लैनाथन आदींनी २०१९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात तिची चिकित्सा केली. प्रणालीला रुग्णाचा वर्ण सांगितलेलाच नव्हता. तरीही समान गुण मिळालेल्या दोन रुग्णांत कृष्णवर्णीय रुग्ण अधिक आजारी असे. कारण असे की, ‘आजार किती’ हे मोजणे अवघड, म्हणून रचनाकारांनी ‘या रुग्णावर खर्च किती होईल’ हे मोजावयास लावले होते. ज्याच्यावर आजवर कमी खर्च झाला तो कमी आजारी, असा यंत्राचा हिशेब. हा दोष काढला असता जादा सेवेस पात्र ठरणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते.

आपल्या रुग्णालयात हे कसे दिसेल, याचा विचार करावा. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना २००६ च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात, आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. या खाटांवरील माणसाचे कागद पाहा. बिल लहान, पूर्वीच्या तपासण्या नाहीत, दोन वर्षांत एकदाच दाखवून गेलेला, कारण पुन्हा येण्याचे भाडे नव्हते. अशा केसपेपरवर शिकलेले यंत्र सांगेल की हा माणूस बरा आहे. तो बरा नसतो, तो आलेला नसतो. उद्या खाटांचा वा निधीचा अग्रक्रम ठरविणारी प्रणाली कोणी विनामूल्य देऊ केली, तरी आम्ही प्रथम विचारू की, ती रोग मोजते की पैसा? याचे उत्तर देणाऱ्याला देता आले नाही तर ती घेऊ नये, असे आमचे विश्वस्तांना स्पष्ट सांगणे आहे.

इतके ऐकल्यावर आम्ही यंत्राच्या विरुद्ध आहोत असा कोणाचा ग्रह होईल. तसे नाही. उपकेंद्रासाठी आलेल्या प्रस्तावाच्या आम्ही बाजूचे आहोत.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात असे आढळले की, केवळ लक्षणे विचारून थांबले असते तर ४२.६ टक्के क्षयरुग्ण हाती लागलेच नसते. ते छातीच्या चित्रामुळे सापडले. म्हणजे चित्र काढणे अगत्याचे, आणि चित्र वाचणारा माणूस तर दुर्मीळ. आमच्या उपकेंद्रांत क्ष-किरणतज्ज्ञ रोज नसतात; चित्र त्यांची वाट पाहते आणि रुग्ण गावी निघून जातो. तेव्हा तेथे तुलना यंत्र आणि डॉक्टर यांच्यात नसून यंत्र आणि रिकामी खुर्ची यांच्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग चाळणीसाठी माणसाच्या जागी अशी प्रणाली वापरता येईल, असे मान्य केले. या क्षेत्रातील एक प्रमुख प्रणाली मुंबईतील कंपनीने विकसित केलेली आहे. यंत्राने शंका दाखविली की त्याच दिवशी थुंकीचा नमुना घ्यावयाचा आणि गोव्यातील कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रावर वा तत्सम चाचणीवर खात्री करावयाची. निदान थुंकीच करते. यंत्र केवळ कोणाला थांबवून घ्यावे हे सांगते, आणि तेवढे ते चांगले सांगते.

येथे विश्वस्तांनाही एक निर्णय घ्यावा लागेल, तो यंत्र घेणार नाही. प्रणाली ‘क्षय आहे’ वा ‘नाही’ असे म्हणत नाही, ती एक गुणांक देते. किती गुणांपुढील व्यक्तीची थुंकी तपासावयाची ही रेषा आपणच आखावयाची असते. रेषा खाली ठेवली तर तपासण्या वाढतात, खर्च वाढतो. वर ठेवली तर काही रुग्ण निसटतात. आमच्या भागात पूर्वी क्षय होऊन गेलेल्यांच्या फुप्फुसांवर जुने वण असतात, दगडखाणीत काम केलेल्यांची छाती निराळी दिसते; त्यांना यंत्र उगाच संशयित ठरवू शकते. म्हणून कारखान्यातून आलेली रेषा तशीच स्वीकारता येणार नाही. पहिले काही महिने प्रत्येक चित्र तज्ज्ञही पाहतील आणि आपली रेषा आपल्या रुग्णांवरून ठरेल. लहान मुलांची चित्रे या प्रणालीकडे जाणार नाहीत.

पुढे काय होणार, हे सांगण्याचा मोह शहाण्यांनाही आवरत नाही. हिंटन यांनी २०१६ साली म्हटले होते की, नवे क्ष-किरणतज्ज्ञ घडविणे आता थांबवावे. पुढे २०२४ साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, पण क्ष-किरणतज्ज्ञांची गरज काही संपली नाही. स्वीडनमध्ये ८० हजारांवर स्त्रियांच्या स्तनचाचणीत एका गटाची चित्रे यंत्राच्या साहाय्याने वाचली गेली. २०२३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे कर्करोग थोडे अधिकच सापडले आणि तज्ज्ञांचे वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले. नजीकचे भवितव्य आम्हाला असे दिसते : तज्ज्ञ राहील, त्याच्यापुढील ढीग कमी होईल. प्रथिनांची रचना वर्तविणाऱ्या ‘अल्फाफोल्ड’ला २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, औषधशोधनात त्यातून काही निघेल अशी आशा आहे, पण ती औषधे आमच्या औषधालयाच्या खिडकीवर येण्यास वेळ लागेल.

२०२२ च्या अखेरीपासून जी बोलकी यंत्रे घरोघर पोहोचली आहेत, ती एलायझाहून अतोनात विद्वान आहेत. त्यांच्याकडून आमची अपेक्षा साधी आहे. डिस्चार्ज कार्डावरील सूचना रुग्णाला समजेल अशा मराठीत लिहून देणे, डॉक्टरांचे कारकुनी काम हलके करणे, हे ती करू शकतात. मात्र ती न ठाऊक असलेली गोष्टही ठाऊक असल्याच्या आत्मविश्वासाने सांगतात, त्यामुळे गोळीचा डोस वाचून पाहणारा माणूस सोडता येणार नाही. आणि त्या माणसाची नजरही शाबूत राहिली पाहिजे. पोलंडमधील चार केंद्रांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत यंत्राची सवय लागल्यावर, यंत्राविना केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आले. एका अभ्यासावरून निष्कर्ष काढू नये हे खरे; परंतु लीड्सच्या डॉक्टरांचे निदान प्रयोग संपल्यावर घसरले होते, तेही आठवते. म्हणून आमच्या निवासी डॉक्टरांनी आधी स्वतःचे मत कागदावर लिहावे आणि नंतरच यंत्राचा गुणांक पाहावा, असा क्रम आम्ही ठरविला आहे.

रुग्णांच्या आप्तांना सांगावयाचे ते एवढेच की, अहवालावर डॉक्टरांची सही राहील आणि यंत्र वापरले असल्यास तसे त्यावर छापलेले असेल. कोणास यंत्र नको असेल त्याचे चित्र पूर्वीप्रमाणे तज्ज्ञांकडे जाईल, त्यास उशीर होईल हे आधी सांगून. देणगीदारांना विनंती अशी की, यंत्राबरोबरच क्ष-किरण खोलीतील वीजपुरवठा, थुंकी तपासणीचे साहित्य आणि संशयित रुग्णाच्या घरी जाऊन त्यास परत आणणाऱ्या कार्यकर्तीचे मानधन यांचाही विचार व्हावा. यावर पाटी लावता येत नाही याची आम्हाला कल्पना आहे. यंत्र व तज्ज्ञ यांचे मत जेथे जुळले नाही अशा प्रत्येक चित्राची वेगळी नोंदवही उपकेंद्रात ठेवली जाईल. त्यांपैकी किती वेळा यंत्र बरोबर ठरले आणि किती वेळा आम्ही, ते आकडे पुढील वर्षीच्या अहवालात आपल्यापुढे येतील.